जागेवर किती झाडं?

९ नोव्हेंबर

धाकटे,

हे पत्र पोचेल त्याच्या आगेमागे एक पार्सल येईल. बिस्किटांचा डबा आहे, पण आत बिस्किटं नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तुझी निराशा पत्र वाचतानाच उरकेल. ओल्या फडक्यात तीन गड्डे गुंडाळलेत. दिसायला मातीची ढेकळं दिसतात. फेकून देऊ नकोस, ती तुझ्या ताईची झाडं आहेत. ती ज्याला लपंडाव म्हणायची ते.

तिला जाऊन पाच महिने झाले. मी बरा आहे. स्वयंपाक जमतो, म्हणजे मला खाववतो. परवा खाणीवरचा जुना सोबती रस्त्यात भेटला. मी वजनकाट्यावर होतो तेव्हा हा पावत्या फाडायचा. तो म्हणाला की खाण आता डोंगराच्या मागच्या उतारावर वाढणार, अर्ज गेलाय, पुढच्या नोव्हेंबरात सुनावणी आहे. तीस वर्षं मी ह्याच डोंगराचं वजन केलं, ट्रक ट्रक करून. तेव्हा कधी काही वाटलं नाही. पण मागचा उतार म्हटल्यावर मी त्याला पुन्हा विचारून खात्री केली, कारण लपंडाव फक्त तिथेच आहे. कपारीखाली दोन खाटा मावतील एवढी जागा. गेल्या वर्षी तिनं मोजली तेव्हा दोनशे दहा झाडं होती.

तुला आठवत असेल, ती नेहमी म्हणायची की हा आपल्या रस्त्याकडेचा निळतुरा नव्हे. निळतुऱ्याच्या दांड्याला सगळीकडून लव असते, ह्याला दोनच ओळींत असते, भांग पाडल्यासारखी. मी म्हणायचो, झाडाचे केस मोजतेस त्यापेक्षा माझ्या डोक्यावरचे मोज, लवकर उरकेल. ती हसायची. मग वीस वर्षांपूर्वी तिनं तुझ्याकडे एक झाड पाठवलं, तू ते तुमच्या झाडांच्या संग्रहालयातल्या मोठ्या बाईंना दाखवलंस आणि बाईंनी निळतुराच म्हणून निकाल दिला. त्यानंतर तिनं माझ्याजवळ हा विषय काढला नाही. उतारावर मात्र दर आठवड्याला जायची.

शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, "कुणीतरी एकदा नीट बघायला हवं होतं." मी विचारलं, काय? तर म्हणाली, "जाऊ दे."

सुनावणीच्या नोटिशीत लिहिलंय की दुसरीकडे कुठेच नसलेलं काही तिथे सापडलं तर काम थांबवावं लागेल. तू सत्तावीस वर्षं त्या संग्रहालयात आहेस. तीन गड्डे लाव, फूल आलं की बाईंना दाखव. मला डोंगर वाचवायचाय असं म्हणेन तर तू हसशील, मी खाणीचं मीठ खाल्लेला माणूस. मला तिचं म्हणणं खरं ठरलेलं बघायचंय, एवढंच.

भावोजी


२७ नोव्हेंबर

भावोजी, नमस्कार.

डबा मिळाला. पोस्टमननं तो कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, बिस्किटं ओली झालेली दिसतात. मी म्हटलं, ओलीच मागवली होती.

तीन कुंड्यांत तीन गड्डे लावले. दोन कुंड्या विकतच्या, तिसरी म्हणजे कडी तुटलेली बादली. आमच्या तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी सकाळचं ऊन येतं, तिथे ओळीनं मांडल्या आहेत. समोरचा शिंपी रोज मापाची फीत गळ्यात घालून दारात उभा राहतो आणि रिकाम्या कुंड्यांना पाणी घालणारी बाई बघतो. काल म्हणाला, काय पेरलंय? मी म्हटलं, वेळ आली की कळेल. तो म्हणाला, माझी गिऱ्हाइकंही मला हेच सांगतात.

आता कामाचं. तिथे माझी पायरी काय आहे हे तुम्हाला माहीत आहे. मी शास्त्रज्ञ नाही, चिकटवणारी बाई आहे. लोक रानातून झाडं आणतात, मी ती टिपकागदांत घालून दाबते, वाळवते आणि जाड कागदावर चिकटवते. चिठ्ठीवर कुठे सापडलं, कुणी आणलं, कधी फुललं ते लिहिते. पण सत्तावीस वर्षं चिकटवताना डोळे काही मिटलेले नव्हते. आमच्या बाईंचे दोन नियम मला झोपेतही म्हणता येतील. पहिला, अर्धवट झाड त्या आताशा बघत नाहीत. मूळ, दांडा, पान आणि फूल सगळं एका कागदावर हवं. दुसरा, जागेवर वीसपेक्षा कमी झाडं असतील तर मुळासकट उपटायचं नाही. त्यासाठी चिठ्ठीवर रकानाच आहे, "जागेवर किती झाडं". तो कोरा असेल तर बाई कागद परत पाठवतात, मग आणणारा कितीही मोठा माणूस असो.

म्हणजे तिथल्या दोनशे दहांमुळे आपल्याला अडचण नाही. फक्त फूल यायला हवं. ताई म्हणायची की हे दर वर्षी फुलत नाही, मनाला येईल तेव्हा फुलतं. अगदी तिच्यासारखंच म्हणा. मी रोज जाताना कुंड्यांना सांगते की बाई गं, ह्या वर्षी नखरे नकोत.

वीस वर्षांपूर्वीच्या त्या झाडाबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय, पण पत्रात नको. भेटीत बोलू.

धाकटी


१८ जानेवारी

धाकटे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. शिंप्याला माझा नमस्कार सांग, माणूस बरा दिसतो.

पाण्याचं नीट ऐक. आठव्या दिवशी एक पेला, त्याच्या वर थेंब नाही. डिसेंबर ते जुलै ते जमिनीखाली झोपतं, वर काही दिसत नाही. त्या दिवसांत कुंडी रिकामी दिसणार, तशीच दिसायला हवी. हे मला माहीत असायला हवं होतं. तुझ्या ताईनं एक लपंडाव खिडकीत कुंडीत ठेवला होता. ती जूनमध्ये गेली. मी कुंडी बघितली, काही नव्हतं, मी पाणी घालणं सोडलं. इतकी वर्षं तिला रिकाम्या कुंडीत पाणी घालताना मी दर आठवड्याला बघत आलो होतो आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही. ऑगस्टमध्ये काही उगवेना तेव्हा बोटानं माती उकरली. भुसा झाला होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून मग नोव्हेंबरात उतारावर जाऊन तुझ्यासाठी तीन काढले. एक माझ्या खिडकीसाठीही काढणार होतो, पण धीर झाला नाही.

रविवारी तिथे जाऊन आलो. अर्थातच काही दिसत नाही. कपारीखाली बसलो, डबा खाल्ला, परत आलो.

भावोजी


२६ एप्रिल

भावोजी, नमस्कार.

तीन महिने झाले, तुमच्या अक्षराचं दर्शन नाही. मी दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. आजारी असाल तर कळवा, रागावला असाल तर आधी कारण कळवा, म्हणजे मला तेवढाच भाग कबूल करता येईल.

इथे सगळं ठीक. आठव्या दिवशी एक पेला. जिन्याला नवा रंग लागला, इतका पिवळा की दिवा लावायची गरज पडत नाही. कुंड्या म्हणाल तर मजेत आहेत, काळजी करू नका.

बाईंच्या कानावर घातलं. मला वाटलं झिडकारतील. त्या भिंग पुसत राहिल्या आणि म्हणाल्या, फुलू दे, मग बघू. कुंडीत वाढलेलं चालेल, फक्त मूळ कुठून आणलं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचं आणि नंतर त्या स्वतः जागा बघायला येणार. बाईंच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे गोड बोलणंच झालं.

उतारावर जाता का? तिथलं काही लिहीत जा. मला ताईच्या त्या जागेवर एकदाच यायला मिळालं, तेही सॅंडल घालून, आणि ती परतीच्या वाटेवर माझ्यावर सगळा वेळ हसत होती.

धाकटी


१९ मे

धाकटे,

आजारी नव्हतो. रागावलोही नव्हतो. पेन हातात घेतलं की काय लिहावं ते सुचत नव्हतं, म्हातारपण म्हण.

उतार आहे तसाच आहे. आता उन्हाचे दिवस, गवत वाळलंय, कपारीत एक पाखरू घरटं करतं दर वर्षी, तेही आहे. गुडघे दुखतात म्हणून मी वर चढत नाही. खालून बघतो.

कुंड्या मजेत आहेत हे वाचून बरं वाटलं. तीन आहेत म्हणजे चिंता नाही. त्यांना जप. तुझ्या जिन्यावर त्या तीन कुंड्या आहेत हे मी रोज झोपण्याआधी एकदा स्वतःला सांगतो.

भावोजी


३ ऑगस्ट

भावोजी,

आला. गेल्या मंगळवारी मातीला भेग पडली आणि बुधवारी हिरवं टोक. आज चार बोटं उंच आहे. मी ऑफिसातलं भिंग पदराआड लपवून घरी आणलं, जिन्यावर पालथी पडून दांडा बघितला. लव दोनच ओळींत आहे. भांग पाडल्यासारखी. शिंपी दारात होता, त्यानं विचारलं काही हरवलंय का? मी रडत होते बहुतेक.

आता फूल येईल की नाही ते देव जाणे, पण शेंड्याला गाठ धरल्यासारखी वाटते. फुललंच तर मला ते मुळासकट काढावं लागेल. बाईंना विचारून बघितलं की मुळाचा तुकडा ठेवून बाकीचं दिलं तर? त्या म्हणाल्या, मुळावरच सगळं आहे, निळतुऱ्याचं मूळ दोऱ्यासारखं सरळ पळतं, ह्याचं वेगळं असेल तर ते टोकापर्यंत दिसलं पाहिजे. आणि खरं सांगायचं तर तुकड्याचा विचार मलाच सहन होत नाही. का, ते सांगेन.

तुमच्याकडे उतारावर ह्या दिवसांत ढीगभर उगवले असतील. तिथलंच एखादं फुललेलं काढून पाठवता आलं तर माझ्या कुंडीला हात लावायला नको. गुडघ्यांचं मला माहीत आहे, पण खाणीवरच्या कुणाला सांगता येईल का? ते जमणार नसेल तर निदान एवढं कळवा, चिठ्ठीवर काय लिहू, जागेवर किती झाडं?

धाकटी


१४ ऑगस्ट

धाकटे,

तुझं पत्र वाचून घराबाहेर जाऊन उभा राहिलो. सांगायला कुणी नव्हतं. रस्त्यावरच्या एका अनोळखी माणसाला म्हटलं, उगवलं. तो म्हणाला, अभिनंदन.

इथून काढून पाठवणं जमणार नाही. खाणीवरच्या माणसांना झाड कुठलं आणि गवत कुठलं ते कळत नाही, सगळं तुडवतील. तू तुझ्याकडचंच काढ. तीनातलं एक गेलं तर दोन उरतात, दोन पुरे. तुझ्या ताईनं हेच केलं असतं. आणि मूळ अख्खं दे, ह्या वेळी बाईंना बोलायला जागा ठेवू नकोस.

चिठ्ठीवर दोनशे दहा लिही.

भावोजी


६ ऑक्टोबर

भावोजी,

बसून वाचा.

बावीस सप्टेंबरला सकाळी साडेसातला फूल उमललं. निळं म्हणतात ते निळं नव्हे, धुतलेल्या शाईसारखं, आणि मध्ये पांढरा ठिपका. एकच फूल. मी पाच मिनिटं बघत बसले आणि मग उपटायला घेतलं, कारण आमच्यात म्हणतात की पहिल्या दिवशीचं फूल दाबलं तरच रंग राहतो. कुंडी उभी फोडली. माती पाण्यात सोडवली, ओढलं नाही. भावोजी, मुळाला गाठी आहेत. एकामागे एक अकरा गाठी, ओवल्यासारख्या. टोकाचा केससुद्धा तुटू दिला नाही. टिपकागदात पसरून दाबलं, तीन दिवस रोज कागद बदलला, मग भट्टीत वाळवलं, मग कीड मरावी म्हणून आठवडाभर बर्फाच्या कपाटात. नियमानं जे करायचं ते सगळं केलं.

आता ते सांगते, जे भेटीत सांगणार होते. वीस वर्षांपूर्वी ताईनं मला झाड पाठवलं ते मुळासकट होतं. मला नोकरीत सात वर्षं झाली होती, तरी बाईंच्या टेबलावर चिखल नको म्हणून मूळ कापलं आणि कचऱ्यात टाकलं. फूलही वाटेत चुरगळलं होतं. बाई म्हणाल्या निळतुरा, आणि मी "मूळ होतं, मी कापलं" हे चार शब्द बोलले नाही. ताईला कळवलं की बाईंनी नीट तपासलं. तिनं उत्तरात लिहिलं होतं, बरं, तू सांगतेस म्हणजे असेल तसं. म्हणून ह्या वेळी अर्धी गाठसुद्धा मागे ठेवायला माझा हात धजला नाही.

काल बाईंनी कागद समोर घेतला. बराच वेळ भिंगातून बघत होत्या. चहा निवला. मग म्हणाल्या, "हा निळतुरा नाही. हे मी कधीच बघितलेलं नाही." आणि थोड्या वेळानं, "हे माझ्याकडे आधी आलं होतं ना? तेव्हा मूळ का नव्हतं?" मी म्हटलं, माझ्या हातून झालं. मग चिठ्ठीवर "प्रथम कुणाला सापडलं" ह्या रकान्यात ताईचं नाव त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

तिचं म्हणणं खरं ठरलं, भावोजी. वीस वर्षं उशिरा, माझ्यामुळे. सुनावणीसाठी बाई अहवाल देणार आहेत. पण दोनशे दहा झाडं जागेवर उभी त्यांना डोळ्यांनी बघायची आहेत. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी येतो. आता पायात बूट घालीन.

धाकटी


१० ऑक्टोबर

धाकटे,

येऊ नका. हे पत्र जलद टपालानं टाकतोय, बाईंना आजच सांग.

उतार नाही. मार्चमध्येच गेला. अकरा मार्चला सकाळी आवाज आला म्हणून गेलो तर सुनावणी वगैरे काही नव्हतं, रस्ता करायचाय म्हणून मधला तुकडा आधी काढत होते आणि कपार नेमकी त्या तुकड्यात होती. मी पुढे गेलो. यंत्रावरचा माणूस मला ओळखत होता, काट्यावरचे काका म्हणून. त्यानं यंत्र थांबवलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाला की काका, मला वरून हुकूम आहे. मग मी बाजूला झालो. बाजूला झालो, धाकटे. मी तिथे आडवं पडायला हवं होतं.

नंतर दोन महिने रोज जाऊन मातीचे ढीग उकरले. ती सगळी माती दगडांबरोबर क्रशरला गेली होती. ऑगस्टमध्ये पुन्हा गेलो, वाटलं कुठेतरी एखादं टोक वर आलं असेल. आलं नाही. आजूबाजूचे तीन डोंगर फिरलो, सगळा निळतुरा. मी आता दांड्याची लव अंगठ्यानं ओळखतो.

तुला कळवलं नाही कारण कळवलं असतं तर तू सगळं सोडून दिलं असतंस, आणि मला बाईंच्या तोंडून ते एक वाक्य ऐकायचं होतं. तुझा वीसचा नियम मला पाठ होता. तरी दोनशे दहा लिहिलं, कारण तुझ्याकडे तीन आहेत, एक गेलं तरी दोन राहतात असा मी हिशेब केला. तीस वर्षांत काट्यावर एकही खोटा आकडा लिहिला नाही. आयुष्यात एकदाच लिहिला, तो तुला.

तुझ्या मुळाच्या गोष्टीचं मनाला लावून घेऊ नकोस. तिला माहीत होतं. तेव्हाच म्हणाली होती, पोरीनं कापलं असणार, घाबरट आहे, पण बोलू नका, तिच्या नोकरीचा प्रश्न आहे.

आता एकच मागणं आहे. ती उरलेली दोन झाडं आहेत ना, त्यातलं एक मला दे. एक तू ठेव, एक इथे खिडकीत. ह्या वेळी मी पाणी चुकवणार नाही. मला दुसरं काही नको.

भावोजी


२ नोव्हेंबर

भावोजी,

हे पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले.

माझ्याकडे झाड नाही. एकही नाही. जे उपटलं तेच शेवटचं होतं.

पहिला गड्डा जानेवारीतच कुजला. तुमचं पाण्याचं पत्र येण्याआधी मी त्याला रोज पाणी घालत होते. ताईची आठवण आली की पेला उचलायचा, आणि आठवण दिवसातून चार वेळा यायची. दुसरा बादलीत होता. एप्रिलमध्ये जिना रंगवायला माणसं आली, त्यांना बादली रिकामी दिसली. माती खाली गटारात ओतून त्यांनी तिच्यात रंग कालवला. मी संध्याकाळी आले तर जिना पिवळा आणि बादली पिवळी. तुम्हाला "मजेत आहेत" असं लिहिलं त्याच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट. तुम्ही आधीच गप्प झाला होता, मला वाटलं हे वाचून तुम्ही पार खचाल. आणि वाटलं, तिथे दोनशे दहा आहेत, नंतर कधीतरी तीन काढून आणू, भावोजींना कळायचंही नाही.

तुम्ही माझ्या दोनांच्या भरवशावर खोटं लिहिलंत, मी तुमच्या दोनशे दहांच्या. दोघांपैकी एकानं जरी खरं लिहिलं असतं तर ते झाड आज जिन्यावर असतं.

तुमचं पत्र आल्यावर फुटक्या कुंडीतली माती चाळणीनं चाळली. मुळाचे केसासारखे दोन तुकडे मिळाले. ओल्या कापसात ठेवले, चौथ्या दिवशी काळे पडले. मग ऑफिसात जाऊन कागदावरची पुडी उघडली. झाडाचं जे काही गळून पडतं ते आम्ही कागदाच्या कोपऱ्यात एका पुडीत ठेवतो. वाटलं, एखादं बी असेल. पण फूल मी उमलल्या दिवशीच दाबलं होतं. बी धरायला त्याला दोन आठवडे हवे होते. पुडीत एक पाकळी आहे.

बाईंना सगळं सांगितलं. चिठ्ठीवरचं दोनशे दहा मी माझ्या हातानं खोडलं आणि शून्य लिहिलं. बाई म्हणाल्या, तारीख घाल. घातली.

ताईला माहीत होतं हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत की वाईट, मला कळत नाही. मी शिव्या खाण्याच्या तयारीत आहे. तुम्ही देणार नाही हेही ठाऊक आहे, आणि तेच सोसत नाही.

धाकटी


२४ नोव्हेंबर

धाकटे,

सुनावणीला गेलो होतो. तुमच्या बाई आल्या होत्या. तुझा कागद काचेत घालून आणला होता, मी तो पहिल्यांदा बघितला. अकरा गाठी मोजल्या. तू काम चांगलं करतेस हे मी कधी बोललो नव्हतो.

बाई वीस मिनिटं बोलल्या. टेबलामागच्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं, नम्र माणूस होता. मग म्हणाला की जे तिथे आता नाहीच, त्याच्यासाठी काम थांबवता येत नाही. मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? मी उभा राहिलो. सांगायचं एवढंच होतं की माझी बायको बरोबर होती. तेवढं बोलून बसलो. त्यानं लिहून घेतलं.

तुला शिव्या देण्याइतका मी स्वच्छ नाही, तेव्हा तो विषय आपल्यात बंद.

ती चाळलेली माती तू फेकली नसशील. कुठल्याही कुंडीत भर आणि पाठवून दे. त्यात काही नाही हे मला कळतं, तू पुन्हा समजावून लिहू नकोस. आठव्या दिवशी एक पेला घालीन. आता नोव्हेंबर संपत आला. डिसेंबर ते जुलै लपंडावाची कुंडी रिकामीच दिसते, त्यामुळे तोपर्यंत माझी कुंडी आणि तिची कुंडी ह्यांत बघणाऱ्याला काही फरक दिसणार नाही. जुलैपर्यंतची सोय झाली.

भावोजी